छटाक मैदानात, मी कडेला

मी बाक बोलतोय. शाळेतला नव्हे. शाळेतल्या बाकांवर पुष्कळ लिहून झालंय, वहीतही आणि कर्कटकाच्या टोकानंही. मी बास्केटबॉलच्या हॉलमधला, मैदानाच्या कडेचा लांब बाक. राखीव खेळाडू ज्याच्यावर बसून आपल्या पाळीची वाट बघतात, तो.

माझा जन्म उरलेल्या लाकडातून झाला. हॉलची लाकडी जमीन घालून झाली तेव्हा काही फळ्या शिल्लक राहिल्या. सुतार म्हणाला, "टाकायच्या कशाला?" आणि त्यानं मला ठोकून उभा केला. म्हणजे माझी सख्खी भावंडं मैदानात आणि मी कडेला. त्यांच्यावर लोक धावतात, उड्या मारतात, जिंकल्यावर लोळण घेतात. माझ्यावर बसतात. ही तक्रार नाही, फक्त नातं सांगून ठेवतोय.

सुतारानं संघातली माणसं बघितली होती, म्हणून त्यानं माझे पाय चांगले लांब ठेवले. साध्या बाकावर ही मंडळी बसली की त्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे. माझ्यावर ती ऐसपैस बसायची.

बसण्यावरून माणूस कळतो. ज्याला आत जायची खात्री असते तो अर्धाच टेकतो. ज्याला आपण छान खेळलो असं वाटतं तो पाय पसरतो. ज्याला उगाच बाहेर काढलंय असं वाटतं तो धाडकन बसतो आणि राग माझ्यावर काढतो. आमच्या प्रशिक्षकांना सगळे मास्तर म्हणायचे. ते सामन्यात कधीच बसले नाहीत. बसला तो फक्त त्यांचा आवाज.

छटाक पहिल्यांदा आला तो निवडचाचणीच्या दिवशी. पाठीवर पिशवी, पायात तळ झिजलेले बूट आणि उंची पाच फूट तीन इंच. दारावरच्या रखवालदारानं त्याला थांबवलं.

"मुलांचं शिबिर पलीकडच्या दारानं."

"मी चोवीस वर्षांचा आहे, काका. चाचणीला आलोय."

रखवालदारानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याला फार वेळ लागला नाही.

आत आल्यावर त्याला कुणी पास देईना. वाईट हेतूनं नव्हे. तो दिसतच नव्हता. मग त्यानं वाट बघणं सोडलं आणि ज्याच्या हातात चेंडू असेल त्याच्याकडून तो काढून घ्यायला लागला. उंच माणूस चेंडू आपटतो तेव्हा तो कमरेपर्यंत उसळतो. तिथं छटाकचे हात आधीच हजर असायचे. एकाचा नेला, दुसऱ्याचा नेला, तिसरा रिकाम्या हाताकडे बघत उभा राहिला, जणू कुणी खिसा कापलाय. बघायला जमलेली माणसं पोट धरून हसायला लागली.

ते हसणं ऐकून क्लबचे व्यवस्थापक खोलीतून बाहेर आले. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. त्यांनी खेळ बघितला नाही, हसणारी माणसं बघितली. मग मास्तरांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या शेजारी, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"याला घ्या."

"मला खेळाडू हवाय साहेब, शोभेची वस्तू नको."

"खुर्च्या रिकाम्या राहतात मास्तर. शोभा असली तर लोक येतील."

अशा रीतीनं तो व्यावसायिक खेळाडू झाला. त्याला वाटलं, आपले हात बघून घेतलं. खरं कारण त्याला कुणी सांगितलं नाही, आणि मला सांगता येत नाही.

छटाक हे नाव पहिल्याच आठवड्यात पडलं. त्याचं खरं नाव त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, पण शर्ट इतका लांब होता की ते चड्डीत खोचलं जायचं.

त्याची जागा माझ्या अगदी टोकाला. तिथं तो बसला की पाय जमिनीला टेकायचे नाहीत, हवेत झुलायचे. म्हणून तो पुढे सरकून बसायचा आणि दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरायचा. त्याच्या शेजारी शिडी. शिडी म्हणजे संघातला सगळ्यात उंच गडी, सात फुटांना चार बोटं कमी, स्वभावानं गोगलगाय. दारातून जाताना तो वाकायचा आणि तरीही डोकं आपटायचा. दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं.

"तुला लोक काय विचारतात?" एकदा छटाकनं त्याला विचारलं.

"वर हवा कशी आहे. रोज. तुला?"

"शाळा कुठली."

लहानपणी आपण कसे शिकलो तेही त्यानं शिडीलाच सांगितलं. त्याचे वडील बसडेपोत मेकॅनिक. डेपोच्या मागच्या आवारात तो आणि त्याची मोठी बहीण खेळायचे. ताई त्याच्यापेक्षा डोक्यानं उंच. तिचा नियम एकच, चेंडू गुडघ्याच्या वर आला की तो माझा. दोन बसच्या मधल्या बोळात, त्या नियमाखाली तो वाढला. आता ताई स्वतः शहरात बस चालवायची.

साहेबांनी शहरभर पोस्टर लावली. शिडी ताठ उभा आणि त्याच्या काखेखाली छटाक. खाली मोठ्या अक्षरात, "दोघांना एकाच तिकिटात बघा." लोक खरंच आले. मध्यंतरात शिडी त्याला खांद्यावर घ्यायचा, छटाक वरून चेंडू कड्यात टाकायचा आणि हॉल डोक्यावर घेतला जायचा. खेळायला मात्र तो कधी उतरायचा? सामना पुरता जिंकलेला असला किंवा पुरता हरलेला असला की शेवटी दोन मिनिटं. तेव्हा लोक ओरडायचे, "छटाक, छटाक," आणि तो काहीही करो, हसायचे. त्यानं चेंडू अडवला तरी हशा, पास चुकला तरी हशा. त्याला चूक काय आणि बरोबर काय हे लोकांच्या आवाजावरून कळायची सोयच राहिली नव्हती.

तोही हसायचा. पण परत येऊन बसला की माझी कड इतकी घट्ट धरायचा की मला त्याच्या बोटांची हाडं कळायची.

एका संध्याकाळी सामना संपला, लोक गेले, झाडलोट सुरू झाली. तेव्हा ताई आली. अंगावर बसचालकाचा गणवेश, काखेत डबा. ती थेट माझ्यावर येऊन बसली, त्याच्या शेजारी.

"बघितलास सामना?" त्यानं विचारलं.

"सामना बघितला. मध्यंतरही बघितलं. आईला काय सांगू? क्लबात आहे की सर्कशीत?"

"लोक खूश होऊन घरी जातात, ताई."

"माझ्या बसमधूनही लोक घरी जातात. मी त्यांना कोलांट्या मारून नाही दाखवत, बस चालवते."

तो पाय झुलवत राहिला.

"तुला खेळाडू म्हणून घेतलंय की पोस्टर म्हणून? विचारलंस कधी?"

"विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं तर?"

ताईनं डबा माझ्यावर ठेवला. कोपऱ्यात पडलेला चेंडू उचलला, त्याच्यासमोर उभी राहिली आणि आपटायला लागली, खाली, अगदी खाली. तो उठला. मग दोघं झाडणाऱ्या बाईंना चुकवत, बादलीला वळसा घालून खेळत राहिले. ताईनं त्याचा चेंडू एकदा काढला, त्यानं तिचा अनेकदा. झाडणाऱ्या बाई कंटाळून माझ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चालू दे, जमीन आपोआप पुसली जातेय."

पुढच्या सामन्यात मध्यंतराची शिट्टी झाली. साहेब टाळ्या वाजवत आले. "चला छटाक, चला शिडी, लोक वाट बघतायत."

छटाक उठला नाही. त्यानं दोन्ही हातांनी माझी कड धरली.

"आज नको, साहेब."

"म्हणजे?"

"मी खेळायला आलोय. खेळवा, नाहीतर बसवा. उचलून दाखवू नका."

साहेबांना आधी वाटलं हीसुद्धा गंमतच आहे. मग त्यांचा चेहरा बदलला. "पुढच्या वर्षीचा करार माझ्या हातात आहे, हे लक्षात आहे ना?"

"आहे."

साहेब शिडीकडे वळले. शिडी अर्धा उठला होता. तो परत बसला, इतका जोरात की माझा एक खिळा ढिला झाला.

"माझ्या पाठीत उसण भरलीय," शिडी म्हणाला.

"कधीपासून?"

"आत्तापासून."

लोकांनी हुर्यो केली, कागदाचे बोळे फेकले. मास्तर पलीकडे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि फळ्यावर खडूनं बाण काढत राहिले.

त्यानंतर छटाकला शेवटची दोन मिनिटंही मिळेनाशी झाली. पोस्टरवर दुसऱ्याचा चेहरा आला. लोक त्याला विसरले. तो रोज सरावाला सर्वांत आधी यायचा, सामन्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्यावर बसायचा आणि कोरडाच्या कोरडा घरी जायचा. खरं सांगू का, त्या दिवसांत त्याची मला चांगली सोबत झाली. बाकाला बसणारा माणूस आवडणारच. पण पाठीवर कुणी नुसतं बसणं आणि कुणी ओझं घेऊन बसणं यातला फरक मला कळतो.

हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर वरच्या गटात टिकणार, हरलो तर खालच्या गटात घसरणार, अशी अवस्था. चेंडू पुढे घेऊन जाणारा आमचा मुख्य खेळाडू म्हणजे राजे. हुकूम सोडायची सवय म्हणून राजे. त्या दिवशी त्याच्या हातून फाऊल फार झाले. पाचवा फाऊल झाला की खेळाडू बाहेर, हा नियम राजांनाही लागू असतो. तो आला आणि धाडकन माझ्यावर आदळला. त्याच्या जागी जाणारा दुसरा गडी घरी तापानं फणफणलेला.

मास्तरांनी माझ्यावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाला आली आणि थांबली.

"तू," ते म्हणाले. "काय करशील आत जाऊन?"

"त्यांचा चेंडू गुडघ्याच्या वर कधी येतो ते बघीन."

मास्तरांनी फळ्यावरचे बाण पुसले. "जा मग."

तो उतरला आणि जुन्या सवयीनं हॉल हसला. समोरच्या संघाचा चेंडू नेणारा गडीही हसला. छटाककडे बघत त्यानं चेंडू आरामात आपटला. पुढच्या क्षणी त्याचा हात हवेत आपटत होता आणि छटाक पलीकडच्या कड्याखाली पोचला होता. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो गडी छटाककडे पाठ करून चेंडू नेऊ लागला, लोकलाजेनं तोंड लपवून चालल्यासारखा. छटाक दोघातिघांच्या काखेखालून निसटायचा आणि शिडीला पास द्यायचा. शिडीला नुसता हात वर करायचं काम होतं, आणि ते त्याला छान जमायचं.

हसणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच कळलं, की माझ्यावर बसलेले सगळे अर्धेच टेकले होते. राजेसुद्धा.

शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. शिडीला तिघांनी घेरलं होतं. चेंडू छटाककडे. त्यानं एकाला चुकवलं, उडी मारली आणि चेंडू खूप उंच सोडला. त्याला नेहमीच उंच सोडावा लागायचा. पण त्यांचा धिप्पाड गडी मागून आला आणि त्यानं चेंडूला वरच्या वर थप्पड मारली. चेंडू सरळ माझ्यावर येऊन आदळला. माझ्या कडेचा टवका उडाला. तो अजून तसाच आहे, बोट फिरवून बघा.

शिट्टी झाली. आम्ही हरलो.

आणि सगळा हॉल एका तोंडानं म्हणाला, "अरेरे."

लोक मुकाट्यानं उठून गेले. छटाक डोक्यावर टॉवेल घेऊन माझ्यावर बसला होता. टॉवेलखाली काय चाललं होतं ते मी सांगणार नाही. मघाचा तो चेंडू नेणारा गडी येऊन समोर उभा राहिला.

"कुठल्या क्लबात शिकलास रे हे?"

"बसडेपोत," टॉवेलमधून उत्तर आलं.

तो गेल्यावर ताई आली. त्याच्या शेजारी टेकली.

"संघाला हरवलं मी," तो म्हणाला.

"हो, हरवलंस. पण मागं तू पास चुकवायचास तेव्हा हेच लोक टाळ्या पिटून हसायचे. आज चुकलास तर तोंडं पाडून गेले. केवढी प्रगती आहे."

टॉवेल हलायला लागला. आधी मला वाटलं पुन्हा रडू आलं. पण तो हसत होता.

संघ एक पायरी खाली आला आणि छटाक एक पायरी वर गेला. म्हणजे झालं असं, की खालच्या गटात खेळायला राजे तयार नव्हता, तो दुसरीकडे गेला. साहेबही गेले. त्यांना म्हणे पोहण्याच्या क्लबात बोलावणं आलं, तिथं त्यांनी कुणाला बुडवलं ते मला ठाऊक नाही. छटाकला दुसरीकडून बोलावणं यायचा प्रश्नच नव्हता. शिडी दुसरीकडे जायला लाजत होता. मास्तर म्हणाले, "जे उरलेत त्यांचाच संघ करू." उरलेल्या फळ्यांचं काय होतं ते मला विचारा.

त्यानंतर कितीतरी वर्षं चेंडू छटाकच्या हातात होता. माझं टोक मात्र ओस पडलं. तो फक्त पाणी प्यायला यायचा आणि तेही उभ्यानंच. नवीन मुलं यायची, ताडमाड, पहिल्या दिवशी त्याला बघून एकमेकांना कोपरं मारायची. आठवड्याभरात तीच मुलं चेंडू खाली आपटायला शिकायची, कारण वर आपटलेला चेंडू त्यांना परत मिळायचा नाही. तो पुढे कर्णधार झाला. पंचांशी वाद घालायचा तेव्हा त्याला मान इतकी वर करावी लागायची, की तो नेहमी अभिमानानं बोलतोय असं वाटायचं.

एकदा त्याचं बोट मोडलं. एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी चित्र बघून सांगितलं, "हाड लहान आहे, पण हट्टी दिसतंय." त्यानं ते बोट बरं झाल्यावरही दोनतीनदा दाखवायला नेलं. पुढे त्या दोघांचं लग्न झालं. ती त्याच्यापेक्षा चार बोटं उंच. सामना बघायला यायची तेव्हा ताईच्या शेजारी बसायची आणि दोघी मिळून त्याला नावं ठेवायच्या.

आमचा संघ वरच्या गटात परत गेला, पण फार उशिरा. तोवर छटाकचा डावा गुडघा कुरकुरायला लागला होता आणि मास्तरांच्या हातात काठी आली होती. त्या वर्षी तो पुन्हा माझ्यावर बसायला लागला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून. शिडी आधीच निवृत्त होऊन दिव्यांच्या दुकानात लागला होता. सगळ्यात वरचा दिवा काढायला त्याला स्टूल लागत नाही, यावर त्याचं मालकाशी उत्तम चाललं होतं.

"मास्तर, गुडघा ऐकत नाही," एक दिवस छटाक म्हणाला.

मास्तर काठी टेकत आले आणि त्याच्या शेजारी बसले. सामन्यात, सगळ्यांच्या देखत. आयुष्यात पहिल्यांदा. मला त्यांचं वजन ठाऊक नव्हतं, ते फारच कमी निघालं.

"मला तेव्हा तू नको होतास," ते म्हणाले.

"माहीत आहे, मास्तर."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही वर्षभर माझ्याकडे बघायचा नाहीत."

"तू दिसायचा नाहीस," मास्तर म्हणाले, आणि दोघं गालातल्या गालात हसत पुढचा खेळ बघत राहिले.

छटाक निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत हॉलमध्ये गादीच्या खुर्च्या आल्या, पाठीला टेकू असलेल्या, हात ठेवायला जागा असलेल्या. मला मागच्या अडगळीत टाकलं. तिथं फुटक्या जाळ्या आणि फुस्स झालेल्या चेंडूंबरोबर मी बरीच वर्षं काढली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उंदीर बसतात तेव्हा काही वाटत नाही, एवढंच सांगतो.

मग पंचांच्या खोलीतली खुर्ची मोडली आणि कुणाला तरी माझी आठवण झाली. धुऊन पुसून मला इथं आणलं. खोली लहान आहे. एक आरसा, चार खुंट्या आणि मी.

एका सकाळी दार उघडलं आणि करड्या शर्टातला एक माणूस आत आला. गळ्यात शिट्टी, केस पिकलेले, उंची तीच. त्यानं पिशवी ठेवली, माझ्याकडे बघितलं, वाकून कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "तू होय."

आमच्यात एवढंच बोलणं झालं. पुरेसं होतं.

छटाक आता पंच आहे. सामना सुरू करताना दोन धिप्पाड गड्यांच्या मध्ये उभं राहून चेंडू सरळ वर फेकायचा असतो. तो फेकतो आणि लगेच खाली वाकून निसटतो, नाहीतर दोघांच्या पोटांमध्ये चेंगरेल. गेल्या सामन्यानंतर एक दांडगा तरुण तणतणत या खोलीच्या दारापर्यंत आला.

"सर, वर माझ्या हाताला धक्का लागला. तुम्हाला दिसलाच नाही."

"वरचं माझ्या जोडीदारानं बघितलं, धक्का नव्हता. तुझे पाय आधी सरकले, ते मी बघितलं."

तरुणानं चौकटीला हात टेकला आणि आपलं म्हणणं नीट पोचावं म्हणून कमरेत वाकला, लहान मुलाशी बोलायला वाकतात तसा.

"वाकू नकोस," छटाक शांतपणे म्हणाला. "ऐकू येतंय मला. आणि पाठ धरली तर पुढच्या सामन्याला मुकशील."

तरुण सरळ उभा राहिला. डोकं चौकटीवर आपटलं. छटाकनं त्याला बर्फाची पिशवी दिली आणि माझ्यावर बसवलं.

आज पुन्हा सामना आहे. छटाकनं शिट्टी गळ्यात घातली, आरशात केस सारखे केले. आरसा उंच लावलाय, त्यामुळे त्याला केसच दिसतात. बाहेर लोक जमायला लागलेत, ताईचा आवाज इथवर येतोय. या खोलीतून मला मैदान दिसत नाही, फक्त ऐकू येतं, आणि तेही दार उघडं असलं तर. माझी एवढीच विनंती आहे. कधी या खोलीत आलात तर खुशाल बसा, दमला असाल तर आडवे व्हा. पण शेवटी बाहेर पडाल तेव्हा कृपा करून दार लावू नका.